उशाखालचा हिरा

६ मार्च १९६०, रविवार

संकल्प केला. कालिंदीला मागणी घालायची, आणि तीही हिऱ्याची अंगठी घेऊन.

घाईचं कारण असं, की आज सकाळी नळावर कुशाबा म्हणाले, या उन्हाळ्यात पोरीचं उरकून टाकायचं. कुशाबा म्हणजे कालिंदीचे वडील, आमच्याच मजल्यावर, खोली नंबर चौदा. म्हणाले सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण बघत होते माझ्याकडे. त्याच वेळी मी त्यांची बादली सरकवून माझी नळाखाली लावली होती, हा निव्वळ योगायोग.

कालिंदीच्या बाजूने प्रश्नच नाही. भोईवाड्याच्या शाळेत शिकवते, माणसं ओळखते. चारचौघांत मला गुणाजीदादा म्हणते. कुणाला संशय नको म्हणून. हुशार आहे.

अडचण एकच. दौलत. खोली नंबर अकरा. मी मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क, हा तिथेच खात्यात फिटर. म्हणजे रोज माझ्यासमोर हजेरी लावून जाणारा माणूस. त्याच्याकडे आहे काय? चार वर्षांपूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आर्थर रोडच्या तुरुंगात अकरा दिवस बसून आला, बस्स. अकरा दिवसांवर चार वर्षं भाव खातोय. अजून चाळीतली पोरं त्याला तुरुंगातल्या आमटीबद्दल विचारतात आणि कालिंदीसुद्धा ऐकत उभी राहते. सत्याग्रहाला मीही निघालो होतो. परळच्या नाक्यावर चपलेचा अंगठा तुटला. त्याबद्दल कोणी विचारत नाही.

सोन्याची अंगठी कोणीही देईल. हिरा या चाळीत कोणी पाहिलेला नाही. तेव्हा चांगला हिरा कुठे मिळतो याची सिस्टिमॅटिक चौकशी करणार. अत्यंत गुप्तपणे.

८ मार्च, मंगळवार

ऑफिसात नऊ जणांना विचारलं. प्रत्येकाला बजावलं, की बाहेर बोलू नका. तिघे म्हणाले झवेरी बाजार, दोघे म्हणाले सुरत, बाकीचे हसले.

संध्याकाळी दादरला एका सराफाकडे गेलो. हिरा ऑर्डर दिली तर मागवू म्हणाला, तोवर नथ बघा. नथ कशाला बघू?

परत आलो तर अकरा नंबरच्या दारातून जाईबाईंनी हाक मारून विचारलं, काय रे गुणाजी, हिरो गावलो? जाईबाई म्हणजे दौलतची आई. अख्ख्या गॅलरीने ऐकलं. दौलतनेही. तो हसला. कसं हसला ते लिहीत नाही, पण माझ्या लक्षात आहे.

१२ मार्च, शनिवार

हाफ डे. झवेरी बाजार. राज्य आपलं होणार म्हणतात, तर हिराही मराठीतच मागायचा असं ठरवून गेलो होतो. दुकानदार गुजराती. त्याने माझ्यापेक्षा चांगल्या मराठीत उत्तर दिलं, बसायला गादी दिली, चहा मागवला. किती कॅरटचा हवा? म्हटलं, चांगला. कुठल्या घाटाचा? म्हटलं, चांगल्या. मग त्याने कागदाच्या पुड्या उघडल्या आणि किमती सांगितल्या. मी घड्याळ बघून दचकलो. मिलमध्ये काम राहिलंय म्हटलं.

त्याचा माल मला पसंत पडला नाही.

१३ मार्च, रविवार. दुपारी दोन

मिळाला! गिरगावात.

हेडक्लार्कच्या ओळखीचे एक नाना आहेत. चाळीस वर्षं हिऱ्याची दलाली केली, आता घरीच खिडकीशी बसून थोडंफार देतात-घेतात. हेडक्लार्कची चिठ्ठी नेली म्हणून विश्वास ठेवला. हिरा मुगाच्या डाळीएवढा, पण खिडकीच्या उजेडात धरला आणि मला उगाचच कालिंदीच्या हाताची बोटं आठवली. खडूने पांढरी झालेली.

नानांनी परीक्षा शिकवली. खड्यावर तोंडाने वाफ सोडायची. काचेवर ती रेंगाळते, हिऱ्यावरून लगेच उडते. चार वेळा करून पाहिलं. आता मी यातला जाणकार आहे.

किंमत तीनशे पंचवीस. आवंढा गिळला, पण व्यवहारी दिसेल असा गिळला. नाना म्हणाले, आत्ता पैसे देऊच नका. हिरा सगळ्यांना लाभतो असं नाही. जांगड घेऊन जा, म्हणजे पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत आणा. तीन रात्री उशाखाली ठेवायचा आणि काय बरंवाईट घडतं ते बघायचं. पाडव्यापर्यंत परत आला नाही तर घेतला असं समजेन. कागदावर सही केली.

कालिंदीला उद्याच विचारलं असतं, पण आधी तीन रात्री झालेल्या बऱ्या.

१७ मार्च, गुरुवार

रिझल्ट लिहून ठेवतो.

पहिली रात्र: ढेकूण. (हे आधीही होते. पण एवढे नव्हते.)

दुसरी रात्र: सकाळी जाग उशिरा. टाइम ऑफिसच्या क्लार्कलाच लेट मार्क. मिलच्या इतिहासात पहिल्यांदा, असं हेडक्लार्क म्हणाले. तीनदा म्हणाले.

तिसरी रात्र: सकाळी गॅलरीत आलो तर दौलत कालिंदीचा स्टोव्ह दुरुस्त करत बसलेला. ती पिन हातात धरून समोर. स्टोव्ह पेटला तेव्हा ती जशी हसली, तशी माझ्याकडे बघून कधी हसलेली नाही. चहासुद्धा घेतला नाही.

स्पष्ट आहे. हिरा मला लाभत नाही. परत करावा.

रात्री: एक विचार आला. मोठा विचार आहे. उद्या लिहीन.

२० मार्च, रविवार

काम फत्ते.

विचार असा. जो हिरा मला वाईट, तो दौलतला का वाईट नसावा? मी तीन रात्री सोसलं, त्यानेही सोसावं. यात चोरी नाही, उलट माझीच वस्तू त्याच्या घरी ठेवतोय. आठ दिवसांत त्याचं काहीतरी बिनसेल, कुशाबांचं मत फिरेल, मग हिरा नानांना परत आणि दुसरा चांगला आणायचा.

पेपर मागायच्या निमित्ताने अकरा नंबरात गेलो. दौलत समितीच्या मीटिंगला गेलेला. जाईबाई म्हणाल्या, बस रे झिला, चाय टाकतंय. त्या वळल्या तशी पुडी त्याच्या उशीच्या अभ्र्यात खोलवर सरकवली. चहा चांगला होता. दोन खापरोळ्याही दिल्या. जरा अपराधी वाटलं, पण त्या दौलतच्या आई आहेत हे लक्षात ठेवून खाल्ल्या.

२५ मार्च, शुक्रवार

दौलतवर नजर ठेवून आहे.

सोमवार: काही नाही. मंगळवार: हरवलेला पान्हा सापडला त्याला. बुधवार: खात्यात हेड फिटर केला. त्याचा नवा ग्रेड माझ्याच हाताने रजिस्टरात चढवावा लागला. अक्षर नीट आलं नाही. गुरुवार: दौलतला ताप आला! नाही, तो समोरच्या दौलतीबाईंना. आज: कुशाबांनी त्याला जेवायला बोलावलं. कोळंबी होती. वास आमच्या खोलीपर्यंत आला.

हिऱ्याचा परिणाम सावकाश होत असावा.

पण पाडवा सोमवारी. उद्या-परवा पुडी काढून आणायलाच हवी.

२७ मार्च, रविवार

अनर्थ. सकाळी बाहेर आलो तर अकरा नंबरच्या दोरीवर उशांचे अभ्रे वाळत होते. सणाची धुणी.

चार वेळा दारावरून गेलो. जाईबाईंनी विचारलं, पोट बिघडला काय रे?

२८ मार्च, सोमवार. पाडवा

सकाळी गुढी उभी करतोय, तोच दौलत दारात. मागे कालिंदी. त्याने मूठ उघडली. माझा हिरा.

म्हणाला, गुणाजी, आयेला काल उशीत गावला रे हा. कागदाच्या पुडीत होता, तिला वाटलं अंगारा, कागद बंबात गेला. सगळ्या मजल्यावर विचारलं, कोणाचा नाही. तू महिनाभर यातच डोकं घातलंयस, तूच सांग काय आहे. खरा असला तर आत्ता पोलीस चौकीवर नेऊन देतो, ज्याचा असेल तो शोधतील.

पोलीस! म्हणजे झवेरी बाजारात चौकशी, मग नाना, मग कागदावरची माझी सही. माझा म्हणावा तर दौलतच्या उशीत कसा गेला ते सांगा. तेही कालिंदीसमोर.

हिरा घेतला. वाफ सोडली. लगेच उडाली. मी म्हटलं, काच आहे. चार आण्याची. पुढचा प्लॅनही लगेच सुचला होता. म्हटलं, आण इकडे, फेकून देतो.

कालिंदी म्हणाली, नको दादा, फेकू नका. काच तर काच, दिसते किती छान. मग दौलतकडे बघून म्हणाली, आपल्या अंगठीत हाच बसव की. हिरा आपल्याला कुठे परवडणार होता?

आपल्या अंगठीत.

दौलत लाजला. फिटर माणूस, तेल लागलेल्या हाताने कान खाजवत म्हणाला, तुला पहिलं सांगतोय गुणाजी, आमचं ठरलंय. परवा कुशाबाकाकांनी हो म्हटलं.

मी म्हटलं, काच अशुभ असते. कालिंदी हसली. मी म्हटलं, पुन्हा एकदा तपासून बघू का, चुकूनमाकून खरा असेल. दौलत म्हणाला, नाय रे, तू सांगितलंस म्हणजे झालं. तुझ्यावर आपला पूर्ण भरवसा.

घाण वाटलं. हिऱ्याचं नाही. तो भरवसा म्हणाला त्याचं. आणि तरीही, तिने त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी पाहिलं, ते आठवून मला रात्रभर राग येत राहणार आहे.

१० एप्रिल, रविवार

अजून वेळ गेलेली नाही. लालबागच्या बाजारातून तेवढाच काचेचा खडा आणला. चार आण्यालाच मिळाला. दौलत अंगठी करत बसला होता. सोनाराकडे दिली असती तर त्याने हिरा ओळखला असता, पण यांना सोनार परवडत नाही. जाईबाईंनी जपून ठेवलेला चांदीचा रुपया दौलत कानशीने घासून घासून गोल करतोय.

मी त्याच्याजवळ बसलो. खडा बदलायची संधी शोधत होतो. त्याने मलाच अंगठी धरायला लावली आणि खडा बसवला. चार बारीक नखं अशी आवळली, की आता तोफेनेही निघणार नाही. काम सुरेख आहे, हे मला मान्य करावं लागलं. तोंडाने नाही केलं.

काचेचा खडा खिशातच राहिला.

१ मे, रविवार. महाराष्ट्राचा पहिला दिवस

सगळ्या लालबागला रोषणाई. तोरणं, लेझीम, पेढे. आपलं राज्य झालं. चाळीच्या अंगणात सोहळ्याच्याच मांडवात साखरपुडा उरकला.

कालिंदीला सख्खा भाऊ नाही. चारच दिवसांपूर्वी ती माझ्या खोलीत आली होती, मी धोतराला इस्त्री करत होतो. म्हणाली, दादा, भावाच्या जागी तुम्ही उभे राहाल? मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, असंही म्हणाली. मी हो म्हटलं. काय म्हणणार? तेव्हा कळलं, की दादा म्हणताना तिच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. कधीच नव्हतं. हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. फार वाईट वाटलं. इस्त्री तशीच राहिली आणि धोतर जळालं.

आज टॉवेल-टोपी मिळाली, मानाचा नारळ मिळाला. दौलतने अंगठी घातली. बायका वाकून वाकून बघत होत्या, काच असून चमकते किती म्हणत होत्या. मग कालिंदीने अंगठीवर वाफ सोडली आणि पदराने पुसायला गेली. पुसायला काही उरलंच नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेढे वाटायला निघून गेलो.

नंतर मला एकट्याला गाठून म्हणाली, दादा, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून बरं झालं. हे खरा समजून घेऊन गेले असते चौकीवर.

दौलतच्या गळ्यात हार होता. आज कोणी अकरा दिवसांचं नाव काढलं नाही, मीच काढलं. का, कुणास ठाऊक. मुलांना सांगत होतो, की हा माणूस आर्थर रोडला जाऊन आलाय.

७ मे, शनिवार

पगार झाला. गिरगावात जाऊन नानांकडे पहिला हप्ता भरला. असे दहा.

चार आण्याचा खडा अजून खिशात आहे. त्यावर वाफ बराच वेळ राहते.

नानांनी पावती लिहिली, शाई टिपली, चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, मग, लाभला का हिरा?

लाभला म्हटलं.

कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही.