रामिरोच्या नावाचं पाणी

७ सप्टेंबर २०२५
पितृपक्ष लागला. माझी बायको विनीता जाऊन सहा महिने झाले. ऑफिसला जातो, येतो, कुकर लावतो. लोक म्हणतात, चारुदत्त धीराचा माणूस. कसला धीर! आत काही हलतच नाही.

९ सप्टेंबर
शेजारची ग्रासिएला सूप घेऊन आली. विनीताची मैत्रीण, चिलीची, वय एकोणऐंशी. ११ तारीख, तिकडच्या लष्करी उठावाचा दिवस, जवळ आली की तिला बोलायचं असतं. यंदा विनीता नाही, म्हणून मला सांगत बसली.

१९७३. जूनमध्ये रणगाडे एकदा सांतियागोच्या रस्त्यांवर येऊन परत गेले होते. म्हणून सप्टेंबरमध्ये आले तेव्हाही तिची आई म्हणाली, ‘जातील दुपारपर्यंत.’ लष्कर सतरा वर्षं गेलं नाही. तिचा धाकटा भाऊ रामिरो छापखान्यात कामाला. ऑक्टोबरमध्ये सैनिक त्याला घरातून घेऊन गेले – बूटही घालू दिले नाहीत. नंतर काही नाही. प्रेत नाही, तारीख नाही.

मी ऐकलं. सूप गार झालं.

११ सप्टेंबर
विनीताचं भरणी श्राद्ध. इथल्या पेंडल हिलच्या भारतीय दुकानातून काळे तीळ आणले होते. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर. पिंडाला कावळ्याऐवजी मॅगपाय, इथला काळा-पांढरा पक्षी, शिवला – ‘चालतं तिकडे,’ गुरुजी म्हणाले. शेवटी म्हणाले, ‘ज्यांचं करणारं कुणी नाही, अशा कुणाला पाणी द्यायचं असेल तर द्या.’

मी रामिरोचं नाव घेतलं. तीळ-पाणी सोडलं. कितीतरी दिवसांनी वाटलं, काहीतरी बरं केलं.

१२ सप्टेंबर
खीर घेऊन ग्रासिएलाला सांगायला गेलो. आधी तिला समजलंच नाही. मग वाटी खाली ठेवली. ‘हे मेलेल्यांसाठी करतात?’

हो म्हणालो.

‘वकील किती वर्षं सांगतायत, मृत धरा, सही करा. मी नाही केली. जिवंत नेलाय, जिवंत परत द्या – बावन्न वर्षं एवढंच मागतेय. लष्कराला जमलं नाही, ते तू एका तांब्यात केलंस.’

दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

१३ सप्टेंबर
गुरुजींना फोन केला. दिलेलं पाणी परत घेता येतं का? ‘अहो, असं कुणी विचारलंच नाही आजवर.’

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. कुणाचंच काही केलं नाही. ग्रासिएलाच्या दाराबाहेर उभं राहून माफी मागितली. आत टीव्हीचा आवाज वाढला.

या गल्लीत माझ्याशी बोलणारी ती एकच होती. तीही घालवली.

६ ऑक्टोबर
विनीताचा फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. आज तो वाजला. हॉस्पिटल. ग्रासिएला अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिच्या पर्समध्ये चिठ्ठीवर हाच नंबर.

जावं की नको? ती म्हणेल, बाहेर हो. दुपारभर किल्ली हातात घेऊन बसलो.

७ ऑक्टोबर
गेलो. वॉर्डमध्ये एक मुलगी टॅबलेटवर माहिती भरत होती. ‘नेक्स्ट ऑफ किन?’ जवळचं नातेवाईक कोण, ते विचारत होती. ग्रासिएला माझ्याकडे बघत राहिली.

‘भाऊ आहे एक,’ मी म्हणालो.

‘डिसीज्ड?’ म्हणजे, वारलाय का.

‘नाही. घरी यायचाय अजून.’

मुलीने टाइप केलं.

‘बस, चारू,’ ग्रासिएला म्हणाली. बसलो, आणि मला रडू फुटलं.