हिरवं टोक

प्रिय आगाता,

मठाच्या शाळेतून सुटल्यावर आपण मोजे दगडावर ठेवून नदीत उतरायचो, गोगलगाई वेचायचो, आणि सिस्टर क्लारा काठावरून ओरडायच्या, "पोरींनो, स्कर्ट तरी खोचा!" संध्याकाळी तुझी आई हाती सुया द्यायची. उकडलेली गोगलगाय शंखातून फिरवून काढताना शेवटचं हिरवं टोक तुटलं, की म्हणायची, "गेलं! हिची सासू हिला पहिल्याच दिवशी माहेरी धाडणार." माझं नेहमी तुटायचं. तुझं कधीच नाही.

त्या टोकाबद्दलच लिहायचं आहे. तुझ्या दुकानातल्या गोगलगाईंच्या सूपला हिरवा रंग त्यानंच येतो, आणि तेच त्या जिवाचं यकृत. कॉलेजात जन्मभर मी हेच कापून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवत आले. मागे तू जिवंत गोगलगाई पाठवल्या होत्यास, त्यातल्या काही सवयीनं कापल्या. निरोगी पेशी मक्याच्या दाण्यांसारख्या दाटीनं बसलेल्या असतात. यांच्यात भोकं पडली होती, कडा विरघळल्या होत्या, कल्ल्यांच्या झालरी झडलेल्या. मग पुलाच्या वरच्या अंगाच्या आणून पाहिल्या. त्या ठणठणीत. पुलापाशी नळांना मुलामा देणाऱ्या शेडचं पाणी नदीत सुटतं, हे तुला सांगायला नको.

फोनवर तू हसलीस. "अगं मास्तरीणबाई, रात्रभर पाण्यात ठेवते मी त्यांना. वाळू ओकतात, तसं विषही ओकतील की!" आगाता, वाळू पोटात असते. हे मांसात मुरलंय. भिजवून, उकळून जात नाही. मग चिडलीस, "चुसॉकचा सुगीचा सण तोंडावर आलाय. दुकान बंद करून खाऊ काय, तुझ्या काचा?"

पण काल तुझा मुलगा तेग्यू येऊन गेला. बायकोचं कौतुकानं सांगत होता, "बोराला दिवस गेलेत ना, आई रोज वाटी भरून सूप पाजते. बाळ दणकट होईल म्हणते." रात्रभर डोळा लागला नाही. फोनवर तू हसून वेळ मारून नेशील, म्हणून लिहिते आहे. सोबतच्या पेटीतल्या निम्म्या काचपट्ट्या जिल्ह्याच्या पाणी कचेरीत दे, निम्म्या फादरना. सरपंचाला एकही नको. शेड त्याच्या मेहुण्याची आहे. फ्रीजरमधल्या गोगलगाईंच्या पिशव्या कचेरीच्या माणसाच्याच हाती दे, कोंबड्यांनाही घालू नकोस. सोयाबीनचं पोतं माझ्या भावाच्या शेतातलं, ते तुला. सणापुरतं तोफूचं सूप निघेल. सुक्या समुद्री शेवाळाची जुडी बोराच्या सूपसाठी, आजच्याच जेवणात. तिनं विचारलं, "सासूबाई, आज गोगलगाई नाहीत?" तर खरं ते सांग.

तुझीच,
रोजा