खिळ्यावरची रोटी

मर्गिलान
१४ ऑक्टोबर १९९९, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. ओसरीवर बॅग रिकामी करतो आहे.

असकर यास हिकमतुल्लाचा सलाम वि. वि.

काल दुपारी सुखरूप पोचलो. निघताना एक घास चावून, परत येईपर्यंत टांगून ठेवलेली माझी रोटी आईने खिळ्यावरून काढली आणि चहात भिजवून माझ्याकडून संपवून घेतली. संपली तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं. त्याच क्षणी आमचं अंगण एवढंसं दिसलं आणि रागही आला. तुझ्याकडे नळ सोडला की गरम पाणी येतं. आईने माझ्यासाठी बादली तापवून ठेवली होती आणि मी तोंड वाकडं केलं. याचाही राग मी तुझ्यावरच काढणार आहे.

आपण नऊ वर्षं एका बाकावर बसलो आणि तू बायकोला सांगितलंस की हा गावाकडचा कुणी ओळखीचा आहे. मी तिकडे तुर्कस्तानात, बुर्सात, बारा दिवस ते ऐकून घेतलं.

संध्याकाळी तुझी आई, खोसियत मावशी, आल्या. त्यांनी पहिलं हेच विचारलं की तुला जेवायला कोण घालतं. तू पढवलंस तसं मी सांगितलं, की वसतिगृहात राहतो, वसंतात येईल. त्या म्हणाल्या, बरं झालं, सहा वर्षांची रोटी आता दगड झाली आहे, तुझे दात शाबूत असोत म्हणजे झालं. आणि हसल्या.

थोरला वाटेवर असताना धाकट्याची वरात निघत नाही, हे तुला ठाऊक आहे. सोबिर तुझा धाकटा भाऊ आणि त्याला सांगितलेली मुनिरा माझी बहीण. तिला चोवीस पूर्ण झाली. वडिलांनी वसंतातल्या नवरूझच्या सणापर्यंतची मुदत दिली आहे, मग ते दुसरं घर बघणार. मुनिरा दिवसभर नुसती अंगण झाडत असते. तेव्हा तुझ्या हाताने आईला लिही, की लग्न केलं आहे आणि दीड वर्षाची मुलगी आहे. कुणाला न सांगण्याच्या तू घातलेल्या शपथेने मी बांधलेला आहे, तू नाहीस.

लोभ आहेच. तो वाढवण्याची सध्या घाई नाही.
हिकमतुल्ला


बुर्सा
२ नोव्हेंबर १९९९

हिकमत यास सलाम.

पत्र पोचलं. अक्षर नेहमीसारखं, कवायतीला उभं केल्यागत. बारा दिवस आयशेच्या हातचं जेवलास आणि रोज सकाळी तक्रार केलीस की गादी फार मऊ आहे. दाराला कुलूप लागलं का हे तू तीनदा बघायचास, ते आठवून ती अजून हसते. ओळखीचा म्हटलं ते चुकलंच. राखणदार म्हणायला हवं होतं.

आईला मी लिहिणार नाही. न विचारता लग्न केलं हे कळलं की ती रडेल, मग ये म्हणेल, आणि मी गेलो की सोडणार नाही. दुसरंही ऐक. माझी रोटी त्या भिंतीवर आहे तोवर मी त्या घरचा आहे. इथे मी कुणाचाच नाही, नुसता कामगार आहे. तुला ते कळणार नाही, तू बाराव्या दिवशी बस धरलीस.

मुनिराला थांबायचं नसेल तर खुशाल दुसरा नवरा बघा. आणि मुलीचा फोटो मी तुला पाहायला दिला होता, न्यायला नव्हे. परत पाठव.

कळावे, आणि यापुढे कमी कळवावे.
असकर


मर्गिलान
२८ नोव्हेंबर १९९९, दुपारचे सव्वातीन. तुमच्याच अंगणात, पातेली घासून पालथी घालून बसलो आहे.

असकर यास सलाम वि. वि.

झालं ते क्रमाने लिहितो, कारण तुला दुसऱ्याकडूनही कळेल आणि ते उलटसुलट कळेल.

शुक्रवारी सकाळी तुमच्या शेगडीचं धुराडं बसवायला आलो होतो. मावशी सूत आणायला बाजारात गेल्या होत्या. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. भिंतीकडे पाहिलं आणि वाटलं, सगळी अडचण ती रोटीच आहे. ती संपली की वाटेवर कुणी नाही, मग वरात अडणार कशाने. रोटी उतरवली, हातोडीने फोडली, दोन वाट्या चहात भिजवली आणि सगळी खाल्ली. दाढेचा टवका उडाला.

ती दुसऱ्याने खाल्ली तर लोक काय समजतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शेजारच्या करोमतबाई चाळण मागायला आल्या. खिळा रिकामा आणि घरात तू नाहीस. रोटी उतरवण्याचं दुसरं कारण एकच असतं. दुपारच्या नमाजापर्यंत सुतकाचे निळे रुमाल बांधलेल्या तीसेक बायका अंगणात रडत होत्या. सोबिर सुतकाचा कमरपट्टा बांधून, येणाऱ्यांना भेटायला फाटकाशी उभा राहिला. कुणी मोठी कढई आणली, कुणी मेंढी. मी सांगू लागलो, पण शपथेमुळे अर्ध्यावर अडखळायचो आणि त्यांना वाटायचं दुःखाने अडखळतो आहे.

मावशी आल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी सर्वांदेखत माझा कान धरला आणि विचारलं की माझा असकर मेला आहे की तुला भूक लागली होती.

मग मी खिशातून तुझ्या मुलीचा फोटो काढून दिला. शपथ मोडली, मोडली म्हणूनच लिहितो. करोमतबाई म्हणाल्या, नाक तर याच घरचं आहे. मावशींनी फोटो पुष्कळ वेळ पाहिला आणि एवढंच म्हटलं, की पोरीला थंडीत टोपी घातलेली नाही. नंतर बायकांना म्हणाल्या की डोळे पुसा, गाजरं चिरा, जाळ लागला आहे तर पुलाव होऊ दे. माझ्या वडिलांना बोलावून काल, शनिवारी, निकाह लावून टाकला. मुनिरा आता इथेच आहे.

मावशी तुला लिहिणार नाहीत. मी विचारलं, नवी रोटी भाजून टांगायची का. त्या म्हणाल्या, खिळा काढ. मी काढला, भोक चुन्याने बुजवलं. फोटो मागायचा असेल तर त्यांच्याकडे माग.

तुला निरोप एवढाच आहे, की बायकोमुलीला घेऊन हवा तेव्हा ये. दारापासून लांब, खोलीत सर्वांत वर बसवू, पाहुण्यांना बसवतो तिथे. दारालगतची, घरच्या माणसाची तुझी जागा सोबिरला दिली आहे.

हिकमतुल्ला