घर खाली है

बाबा, माझ्यावर मोठा अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. चार तासांचा व्हिडिओ गेम संपल्यावर जी श्रेयनामावली येते ती अकरा मिनिटं चालते, आणि ती पुढे ढकलायचं बटणच त्यांनी ठेवलेलं नाही. पंचेचाळिशीतल्या माणसाने परक्यांची नावं वाचत बसायचं! निषेध म्हणून मी चहा करून आलो.

तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो तलवारवाल्याचा गेम होता, आठवतो? ती मालिका अजून चालू आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तलवारवाला मात्र मरत नाही. यंदा त्यांनी मालिकेची छोटी पुरवणी काढली. तिच्यात तलवारवाला नाहीच. एक बाई चाकू घेऊन धुक्यातल्या घरात शिरते, वाटेत दोन-चार जणांना लोळवते, सहा खोल्या फिरते. शेवटच्या खोलीत एक म्हातारा पाठमोरा खुर्चीत बसलेला असतो. तो म्हणतो, “घर खाली है.” बाई दार उघडून निघून जाते. खेळ खलास.

मी इथे मोहालीत बसून एका हिंदी वेबसाइटसाठी गेमची परीक्षणं लिहितो. शीर्षक दिलं, ‘डिब्बा सुंदर, अंदर खाली’. दहापैकी तीन गुण. बाकीच्या हिंदी परीक्षकांनीही तसाच झोडला. एकाने तर जेवायला बोलावून हातावर बडीशेप ठेवल्याची तक्रार केली. इंग्रजीत खेळलेले लोक मात्र त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते. अंगावर काटा आला म्हणे, रात्रभर दिवा चालू ठेवला म्हणे. त्यावर मी आणखी एक लेख ठोकला, की परदेशी समीक्षकाला कंटाळासुद्धा कलात्मक वाटतो.

मग एक ईमेल आली, चक्क मराठीत. हिंदी भाषांतर करणारी मुलगी, नांदेडकडची. “सर, मूळ इंग्रजीत म्हातारा म्हणतो की घर खाली आहे, जमिनीखाली. ‘नीचे’ लिहायचं ते घाईत मी ‘खाली’ लिहून बसले, हिंदीत घर रिकामं झालं. खुर्चीच्या मागे जिना आहे. अर्धा गेम तिथे आहे. आता कंपनी विचारतेय, हिंदीतच का पडला. चूक माझीच. पण तुमचं आडनाव बघून वाटलं होतं, तुम्हाला तरी जिना दिसेल.”

दुपारचे दोन वाजले होते. जानेवारीतलं धुकं असं, की समोरची सोसायटी कोणी उचलून नेल्यासारखी. मी परत त्या घरात शिरलो, म्हाताऱ्याच्या मागून गेलो. जिना होता. खाली तेच घर, त्याच सहा खोल्या; फक्त इथे दिवे लागलेले, ताटं वाढलेली, आमटीवरून वाफ निघतेय. त्याच्या खाली पुन्हा तेच घर. शेवटच्या खोलीत खुर्ची, तीही पाठमोरी. मी जवळ गेलो तशी ती सरकल्याचा आवाज आला. मी घाबरून हेडफोन काढले. आवाज पुन्हा आला, पायाखालून. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे, बाबा. खाली नुसती माती आहे.

आणि मग डोळ्यांपुढे आली चंडीगडची आपली सेक्टर तीसची क्वार्टर. तुम्ही प्रयोगशाळेतून आलाय, बूटसुद्धा काढलेले नाहीत. भिंगं जुळवणारी तुमची बोटं कीबोर्डवर अडखळतायत, आणि माझे तीन मित्र खुर्चीला लटकून ओरडतायत, “अंकल, कमरा खाली है, छोड़ो!” तुम्ही सोडत नाही. भिंत न् भिंत चाचपत तळघराचा रस्ता शोधता. पंधरा मिनिटांनी विचारता, “लेकिन जिना किधर है?” पोरं हसून जमिनीवर लोळली. महिनाभर सेक्टरात तुम्ही ‘खाली अंकल’. त्यानंतर तुम्ही कीबोर्डला हात लावला नाही. दारातूनच विचारायचात, “संपला का रे तुझा?” मी हिंदीतच सांगायचो, “अभी नहीं, पप्पा.”

हा किस्सा मी आयुष्यभर विकला. लग्नात, ऑफिसात, दोनदा तर लेखातसुद्धा. चंडीगडला राहूनसुद्धा माझ्या वडिलांना हिंदी येत नव्हती, हा हमखास टाळ्यांचा विनोद.

आज परीक्षण काढून घेतलं. नवीन लिहिलं, त्यात वरच्याच ओळीत घातलं की परीक्षक जिन्याशेजारून निघून गेला, त्याने घर न बघता घराला नावं ठेवली. दहापैकी नऊ. मग त्या मुलीला मराठीत उत्तर लिहिलं. चार ओळींना तास लागला, ऱ्हस्व-दीर्घ तिनेच सुधारून घ्यावेत. तिच्या कंपनीला काय कळवायचं तेही विचारलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहितो. त्या संध्याकाळी पोरं ओरडली तेव्हा तुम्ही वळून, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, मला विचारलं होतं, “खाली म्हणजे रे?” आणि मी म्हणालो होतो, “खाली म्हणजे खाली, बाबा. जिना असेल, शोधा.” मलाही तेव्हा मराठीतलंच ‘खाली’ ठाऊक होतं, खरंच तसंच वाटलं होतं. पोरं हसायला लागली, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.