नऊ नंबरच्या तारा

नाशिक,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

चि. हिरामण यास,
सप्रेम जय भीम. मी ठीक आहे, तू ठीक असशील असं धरून चालते. तुझ्या तब्येतीचं पुढे बोलायचंच आहे.

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तू माझ्या इमारतीच्या गेटसमोर रिक्षात बसला होतास. नाही म्हणू नकोस, मी गॅलरीत उभी होते. टपाखालून तुझा एक गुडघा आणि त्यावर ठेवलेला डावा हात दिसत होता. तो हात कोणाचा हे ओळखायला मला चष्मा लागत नाही. तुझी मनाली तीन जिने चढून वर आली आणि म्हणाली, "आत्या, बाबा घाईत आहेत, फक्त गिटार न्यायची आहे." मी तिला पाणी दिलं, चहा दिला, परत पाणी दिलं. रिक्षा अठरा मिनिटं उभी होती. घाईतला माणूस अठरा मिनिटं बसून राहत नाही, हिरा.

तक्रार लिहिताना आधी वार, मग तारीख, मग वेळ, रडगाणं सगळ्यात शेवटी, असं सिस्टरनी शाळेत शिकवलं होतं. तुला हे हसू येईल. "आक्काचं कॉन्व्हेंट बोलायला लागलं," असं तू वयाच्या आठव्या वर्षापासून म्हणतोस. तेव्हा मी सुट्टीत बोर्डिंगातून मनमाडला यायचे, आणि तू माझे बूट घालून रेल्वेच्या चाळीत मिरवायचास.

त्या रविवारी मी सुकट केली होती. बाजरीच्या भाकरी थापल्या होत्या. एकवीस वर्षं या फ्लॅटमध्ये मी सुकट शिजवली नाही, शेजाऱ्यांना वास जाईल म्हणून. त्या दिवशी सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या. समोरच्या बाईने तिची खिडकी धाडकन लावली, तेव्हा मला बरंच वाटलं. मनालीने एक भाकरी खाल्ली. उरलेलं मी मंगळवारपर्यंत खात होते. एकट्या माणसाला पाच भाकरी म्हणजे काय असतं हे तुला कळणार नाही. तुझ्या घरात भाकरी उरत नाही.

आता दुसरा गुन्हा. मंगळवारी संध्याकाळी मनालीचा फोन आला. "आत्या, रागावू नका, पण बाबांनी तारा काढल्या." मी विचारलं, का? "म्हणाले, नऊ नंबरच्या तारा शिकाऊ पोरांना लावतात. आक्काला वाटतं मी अजून शिकाऊच आहे. आता दहाच्या लावल्यात."

त्या तारा मी कशा घेतल्या ते ऐक. मग काय म्हणायचं ते म्हण.

ऑगस्टमध्ये मनमाडला, आपल्या चाळीतल्या लताबाईच्या पुण्यानुमोदनाला, तू मांडवाच्या त्या टोकाला बसला होतास, मी या टोकाला. तुझ्या हातात चहाचा कप आला. तू तो दोन्ही हातांनी धरलास. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकत नव्हती. मी मनालीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, शुगरमुळे बोटं आखडलीत, सकाळी तर मूठही वळत नाही, आणि तरी परत वाजवायचं म्हणताहेत, गिटार नेऊ का? मी म्हटलं, थोडं थांब, आधी मी ती नीट करून ठेवते.

पहिल्यांदा गेले ती मेन रोडजवळच्या एका मोठ्या दुकानात. कोणाला काही विचारलं नाही. विचारायची सवय नाही मला, हे तू सांगायची गरज नाही. पिवळ्या, सोन्यासारख्या तारांचं पाकीट उचललं आणि आले. मग ते पाकीट आणि गिटार घेऊन कॉलेज रोडच्या एका छोट्या दुकानात बसवायला गेले. तिथला महेश नावाचा माणूस पाकीट बघून हसला. "मॅडम, ह्या साध्या गिटारच्या. इलेक्ट्रिक गिटारमध्ये खाली लोहचुंबक असतं, त्याला पोलाद लागतं, निकेल लागतं. ह्या जाड तारा तुम्ही कितीही जोरात छेडा, त्याला नीट ऐकूच येणार नाहीत." मी म्हटलं, मग ऐकू येतील अशा दाखवा.

"नातवासाठी का?"
"मला नातू नाही."
"मग तुम्ही शिकताय?"
"एकाहत्तराव्या वर्षी मला वेड लागलेलं नाही."
"अहो मॅडम, वाजवणार कोण ते कळलं तर तार सांगता येईल ना!"

दुकानात आणखी तीन गिऱ्हाईकं होती. मी म्हटलं, "माझा धाकटा भाऊ. हिरामण पगारे. चाळीस वर्षं भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलीय त्याने." मोठ्याने म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

महेश काउंटरमागून बाहेर आला. "हिरामणमामा? चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत यायचे! पुढच्या रांगेत बसून मी त्यांची बोटंच बघायचो. मॅडम, आधी नाही का सांगायचं! ते दहा नंबर लावायचे."

म्हणजे मला माहीत होतं, हिरा. तरी मी नऊ घेतल्या. भिंतीवर दोन गिटारी टांगल्या होत्या, एकीला दहा, एकीला नऊ. महेशने दोन्ही काढून दिल्या. मी डाव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटाने दोन्ही दाबून पाहिल्या. आपल्या दोघांची बोटं वडिलांसारखी, आखूड. दहाने वळ उठला, नऊने कमी उठला. महेश म्हणाला, "नऊ पातळ असते, दाबायला हलकी. पण हात जड असेल तर सूर हलतो." मी म्हटलं, सूर हलला तर हलू दे, वाजवायचं थांबायला नको.

हे मी तुला विचारून करायला हवं होतं. विचारण्यासाठी फोन करावा लागला असता. तुझा नंबर माझ्याकडे आहे. अकरा वर्षं आहे.

आता तुझी माझ्यावर जी तक्रार आहे, तिची तारीख मीच लिहिते, कारण तू कधी लिहिणार नाहीस. शनिवार, ३१ मे २०१४, संध्याकाळी सव्वासात. माझ्या रिटायरमेंटचा कार्यक्रम, इमारतीची गच्ची. तू तुझा जांभळा चमकणारा शर्ट घालून, गिटार घेऊन आलास. मी जिन्यातच सांगितलं, ऑफिसचे लोक आहेत, गाणंबिणं नको, गिटार बेडरूममध्ये ठेव. तू ठेवलीस. वर येऊन माइकची वायर सोडवत बसलास, कारण ती कोणाकडूनच सुटत नव्हती. आमच्या साहेबांनी विचारलं, "पगारे मॅडम, हे कोण?"

मी म्हटलं, "साऊंडवाला आहे."

तू दोन हातांवर होतास. वायर गुंडाळणारा तुझा हात थांबला, ते मी पाहिलं. मग तू उठलास, माइक माझ्या उंचीला लावून दिलास, "हॅलो, हॅलो, टेस्टिंग," म्हणून तपासलास, आणि भाषणं संपेपर्यंत साऊंडवाल्यासारखा खांबाला टेकून उभा राहिलास. जेवला नाहीस. गिटार न घेता गेलास. दुसऱ्या दिवसापासून मी लोकांना सांगत आले की माझा भाऊ वेंधळा आहे, गिटार विसरून गेला.

साहेब पुढच्याच वर्षी बदलून गेले. त्या गच्चीवरच्या एकाही माणसाचा मला गेल्या आठ वर्षांत फोन नाही. गिटार होती. दर रविवारी मी तिची धूळ पुसायचे, आणि ज्या बेडरूममध्ये तिला लपवलं तिथून तिला कधी हॉलमध्ये आणलं नाही. तू रिक्षात बसून राहिलास अठरा मिनिटं. मी तुला अकरा वर्षं बसवलं. हिशेब मला येतो.

तरीही माझी तक्रार मी मागे घेत नाही. वर यायला हवं होतंस. भांडायला तरी यायचं.

उत्तर लेखी पाहिजे. फोन चालणार नाही, मनालीकडून निरोपही चालणार नाही. एकच गोष्ट लिही: नऊ की दहा. मानासाठी नाही, सकाळी मूठ वळते की नाही ते बघून खरं लिही. दोन्हीची एकेक पाकिटं मी कपाटात आणून ठेवली आहेत. मुदत रविवार, ३० नोव्हेंबर, सकाळी साडेदहा. पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून कागद स्वतः आणून द्यावा. जिने तीन आहेत. दुसऱ्या मजल्यावर, दम खायला, मी त्या दिवशी खुर्ची ठेवते. खिडक्या उघड्याच असतील.

गिटारवादक हिरामण पगारे यांची सख्खी थोरली बहीण,
मीना