पोचतो का हा घरी

बाबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. सोळा वर्षांच्या पोरीच्या एका वाक्यावर तुम्ही कायमचे गप्प कसे बसलात?

आखातात, नईम भागातली आपली दोन खोल्यांची जागा, व्हीसीआर नुकताच घरात आलेला. शुक्रवारी जेवणं आटोपली की तुमच्या वर्कशॉपमधले ड्रायव्हर, फिटर, सगळे कोकणातले, दाराबाहेर चपला काढून सतरंजीवर येऊन बसत. आई चहाचं पातेलं चढवी. जाडजूड कादंबऱ्यांवरून काढलेले हॉलिवूडचे जुने सिनेमे तुमच्या आवडीचे, एकेक दोन-दोन कॅसेटांचा. त्यांना इंग्रजी कळत नसे, म्हणून तुम्ही टीव्हीशेजारी स्टुलावर बसून सगळं मराठीत सांगायचात. "हा थोरल्या घरचा. ही ह्याची मामेबहीण, पण जीव दुसऱ्यावर." चुंबनं आधीच कापलेली असत, चित्र उडी मारून पुढे गेलं की तुम्ही म्हणायचात, "इथं त्यांचं जरा बोलणं झालं." सगळे हसायचे.

त्या शुक्रवारी युद्धाचा सिनेमा आहे. नायक बर्फातून एकटा चालत निघतो, मागे वळून बघतो आणि सिनेमा संपतो. बर्फ कसलं, मीठ पसरल्यासारखं दिसतं. तीन वर्षं गावी न गेलेला एक ड्रायव्हर विचारतो, "भाऊ, मग पोचतो का हा घरी?"

"पोचतो तर. बायको दारात उभी असते. आधी ओळखतच नाही त्याला."

"बरं झालं," तो म्हणतो.

मी दारात उभी. नन्सच्या शाळेतली, जिभेला धार. तुम्ही मनचं सांगताय, पुस्तकात तो वाटेतच मरतो, असं मी इंग्रजीत सुनावलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतही.

तुम्ही चिडला नाहीत. ते पुस्तक माझ्या हातात तुम्ही पाहिलं होतं. "तिनं वाचलंय," तुम्ही त्यांना म्हणालात, आणि तुमच्या आवाजात चक्क अभिमान होता. पुढच्या शुक्रवारी स्टूल माझ्यापुढे सरकवलंत. "तू सांग. मला अर्धंमुर्धंच कळतं." मी म्हटलं, मला अभ्यास आहे. तुम्ही पुन्हा स्टुलावर बसला नाहीत, आणि कुणी न सांगता सिनेमा बघायला कोण येणार? महिन्याभरात दाराबाहेरच्या चपला दिसेनाशा झाल्या. "खलास केलंस," आई मला एवढंच म्हणाली.

मी निवृत्त झाल्यावर यंदा ती कादंबरी वाचली. बाराशे पानं, बारीक टाइप. शेवटची शंभर पानं सिनेमावाल्यांनी सरळ टाकून दिली होती, त्याचाही संताप आला. त्या पानांत तो घरी पोचतो, बाबा. बायको त्याला लांबूनच ओळखते. तेवढंच तुमचं चुकलं.

त्या ड्रायव्हरला हे आता कोण सांगणार? तुम्हाला जाऊनही सव्वीस वर्षं झाली. हा कागद त्या पानात घालून पुस्तक मिटते आहे.

तेव्हा मी ते वाचलेलं नव्हतं. चाळीस पानांवर कंटाळून शाळेत परत केलं होतं. तुम्ही विचारलं असतंत, तरी मी कबूल केलं नसतं.