हात मागे बांधून

आई, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे, पोटभर जेवते. या पुनर्वसन केंद्रात गोळ्या डॉक्टर ठरवतात, मनातलं समुपदेशक ऐकतात, हातांना वळण थेरपिस्टबाई लावतात. मी मदतनीस. काल एका आजोबांच्या शर्टाची बटणं मी भराभर लावली, तर बाई कडाडल्या, “अगं, बटणं त्यांची, घाई तुझी!”

आज मी हात मागे बांधून उभी राहिले. आजोबांनी एकेक बटण स्वतः लावेपर्यंत चहा गार झाला, पण स्वारी आरशात बघून हसली.

दाढीमिशा आलेल्या आपल्या गतिमंद धाकट्याला अजून तूच भरवतेस ना? तुझाच हात कापतो, हे मावशीकडून कळलं. आजपासून चमचा त्याच्या हातात दे. सांडलं तर सांडू दे. आपण दोघी त्याला जन्मभर पुरणार नाही, आई. त्याचे हात पुरतील.

तुझी हट्टी लेक